सारखं नशीब आडवं येतंय, परत उभं राहायचं बळ कुठून आणता? (सोलापूरकरांनो, जरा बोला)

तुटकी_तार (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं नुसतं वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. रात्रीचा दीड वाजलाय, घरात सगळे झोपलेत आणि मी फरशीवर ओले कागद पसरून बसलोय.

आपल्याकडं चार-चार दिवसाआड पाणी येतं हे सोलापूरकरांना सांगायला नको. आज रात्री साडेदहाला नळ आला, मी पाइप बॅरलमधे सोडला आणि दिवसभर उभं राहून पाय दुखत होते म्हणून जरा टेकलो तर डोळाच लागला. पाइप निसटला. उठलो तेव्हा आतल्या खोलीत घोट्याएवढं पाणी आणि कॉटखालची पत्र्याची पेटी निम्मी पाण्यात. त्या पेटीत माझ्या ६२ डिझाइन होत्या, ग्राफ पेपरवर, चौकोन-चौकोन रंगवलेल्या, अकरा वर्षांच्या.

सुरवातीपासून सांगतो, नाहीतर कळणार नाही की कागद भिजल्यावर एवढं काय झालं. वडील पॉवरलूमवर चादरी विणायचे. लहानपणी सुट्टीत मी सुताच्या कांड्या भरायला जायचो, आणि तिथंच मागावर नक्षी विणणाऱ्या जकार्डचे पत्ते बघून वेडा झालो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जकार्डला पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ असते, एक पत्ता म्हणजे बाण्याची (आडवी) एक तार, पत्त्यावर जिथं भोक असेल तिथली ताण्याची (उभी) तार वर उचलली जाते आणि अशा पत्त्यामागं पत्ता जात फूल तयार होतं. नऊ वर्षाचा होतो, भोकातून मोर निघतो हे बघितलं आणि ठरवलं की आपण हेच करायचं. चादरीवर तीच तीच फुलं आणि तेच मोर का? आपली सिद्धेश्वराची गड्डा यात्रा का नको, त्यातले उंच नंदीध्वज का नको, तळ्यातलं सिद्धेश्वराचं देऊळ, भुईकोटाचे बुरूज, संक्रांतीची सुगडी का नको?

टेक्स्टाइल डिप्लोमाला नंबर लागला. दुसऱ्या वर्षाला वडिलांना अर्धांगवायू झाला, शिक्षण सुटलं. मग सहा वर्षं कुणाकुणाकडं डिझाइन ऑपरेटर म्हणून कॉम्प्युटरवर काम केलं, पैसे साठवले, बायकोच्या पाटल्या मोडल्या आणि जानेवारी २०२० मधे एक जुना माग घेऊन भाड्याच्या शेडमधे टाकला. पुढचं तुम्हीच ओळखा. मार्चमधे लॉकडाऊन. हप्ते थकले, शेडचं भाडं थकलं, शेवटी माग भंगारात किलोवर गेला. टेम्पोत चढवताना मी तिथं थांबलो नाही.

२०२३ ला एका व्यापाऱ्यानं माझे सँपल नेले, ऑर्डर देतो म्हणाला, सहा महिन्यांनी माझीच नंदीध्वजाची बॉर्डर दुसऱ्याच मालावर दिसली. लेखी काहीच नव्हतं. आता एका युनिफॉर्मच्या कारखान्यात हिशोब लिहितो, पगार १४ हजार, पोरगी चार वर्षाची आहे.

आणि आज हे पाणी. ज्या पाण्यासाठी आम्ही चार दिवस वाट बघतो त्याच पाण्यानं.

मला उपदेश नकोय. एवढंच विचारायचंय, तुमच्यापैकी ज्यांचं असं सारखं सारखं झालंय त्यांनी परत कशाच्या जोरावर सुरू केलं? खरं सांगा.

शेंगा_चटणी

भावा बाकीचं नंतर बोलू, आधी कागद वाचव. घासू नको, पुसू नको, इस्त्री तर अजिबात फिरवू नको. जी पानं एकमेकाला चिकटलीत ती ओढून सोडवू नको, फाटतील. सुटी पानं वर्तमानपत्रावर ठेव, पण ग्राफ आणि वर्तमानपत्राच्या मधे एक कोरा कागद टाक नाहीतर छापील शाई उतरते. फॅन चालू ठेव पण वारा सरळ कागदावर नको. ऊन नको, आपल्या उन्हात कागद पापडासारखा होतो. खालचे कागद ओले झाले की बदलत राहा. जे आज जमणार नाही ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमधे ठेव, बुरशी लागत नाही, निवांत एकेक काढता येतं. आणि पेन्सिलीच्या रेघा पाण्यानं जात नाहीत, स्केचपेन गेला असेल पण पेन्सिल असणार. उजाडलं की आधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढ.

मी झेरॉक्सच्या दुकानात पंधरा वर्षं काढलीत, पावसाळ्यात लोकांचे सातबारे असेच वाळवून दिलेत.

तुटकी_तार

हौ. लगेच करतो. फ्रीजरचं माहीतच नव्हतं.

माढ्याची_बाई

दादा, वाचून पोटात कालवलं. मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. आमच्याच माढा तालुक्यातली परितेवाडीची शाळा आणि रणजितसिंह डिसले सर सगळ्यांना माहीत आहेत, २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ, दहा लाख डॉलर, त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ जणांना वाटली. पण मला बक्षिसापेक्षा त्याच्या आधीचं आठवतं. इंजिनिअरिंग अर्धवट सोडून डीएडला आलेला मुलगा, २००९ ला पहिल्या शाळेवर गेला तेव्हा तिथं वर्गाशेजारी गुरं बांधलेली. तिथून त्यांनी पुस्तकात क्यूआर कोड आणायचं वेड धरलं. ज्या वाटेनं जायचं होतं ती सुटली म्हणून दुसऱ्या वाटेवर एवढं सापडलं, असं मला नेहमी वाटतं. तुमचंही हिशोबाचं काम कुठंतरी उपयोगी पडेल बघा.

अभ्यासिका_सोडलेला

बाईंचा आदर राखून बोलतो, राग मानू नका. अशा गोष्टींनी मला फायदा कमी आणि त्रास जास्त झालाय.

मी पुण्यात सदाशिव पेठेत सहा वर्षं एमपीएससी केली. बार्शी तालुक्यातल्या महागावच्या रमेश घोलप साहेबांचे व्हिडिओ मला पाठ होते, पोलिओ झालेला पाय, आईनं बांगड्या विकल्या, २०१२ ला यूपीएससी पास. त्यांच्याबद्दल मनात अजूनही तेवढाच मान आहे. पण दर रविवारी तो व्हिडिओ बघून मी रडायचो, सोमवारी पेटून उठायचो आणि बुधवारी परत थंड. चारदा मुख्य परीक्षेपर्यंत गेलो, एकदा दोन मार्कांनी राहिलं. मग वाटायला लागलं की त्यांना एवढं असून जमलं, मला सगळं धड असून जमत नाही, म्हणजे मीच नालायक. प्रेरणा घ्यायला गेलो आणि हे घेऊन आलो.

शेवटी परत आलो, हुतात्मा एक्सप्रेसनं रात्री स्टेशनवर उतरलो तेव्हा वडील घ्यायला आलेले, काही बोलले नाहीत, बॅग घेतली आणि म्हणाले "चल, आईनं कडक भाकरी ठेवलीय". आता होटगी रोडला एका गोदामात आहे आणि बरा आहे. मी स्वप्न सोडलं आणि मला झोप लागायला लागली, हेही एक खरं उत्तर आहे. तुटकी_तार, तुम्हीही सोडलं तर काही पाप नाही.

तुटकी_तार

अभ्यासिकावाले दादा, तुमचं वाचून दहा मिनिटं नुसता बसून राहिलो. सोडायचा विचार माझ्याही मनात येतो. पण परीक्षा वयाबरोबर संपते, माझं तसं नाही. कारखान्यात बिलं लिहिताना मार्जिनमधे हात आपोआप बुट्टी, म्हणजे छोटी नक्षी, काढतो. सोडायचं म्हणजे काय सोडायचं तेच कळत नाही मला.

कष्टाला_पर्याय_नाही

स्पष्ट बोलतो. नशीब वगैरे काही नसतं. लॉकडाऊन सगळ्यांनाच होता, सगळे नाही बुडाले. लेखी न घेता सँपल दिले ही चूक, पाइप सोडून झोपला ही चूक. चुका मान्य करा, पहाटे चारला उठा, दोन तास स्वप्नाला द्या.

सूप_आणि_पुस्तक

वरचं वाचून हात थरथरले म्हणून आधी पाणी प्याले मग लिहायला बसले. दिवसभर राबलेल्या माणसाचा रात्री साडेदहाला डोळा लागला ती चूक? पाणी त्या वेळेला येतं हे त्यानं ठरवलेलं का?

माझं सांगते. आम्ही घरी तेलुगू बोलतो, आई विड्या वळायची, मीही दहाव्या वर्षापासून वळायचे. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, आणि सुपाच्या कडेला पुस्तक टेकवून ठेवलेलं. डोळे पुस्तकात, बोटं विडीत. दिवसाला हजार विड्या द्यायच्या, त्यातल्याही ढिल्या, फाटक्या निघाल्या की बाद. मला नर्स व्हायचं होतं, कारण आईला टीबी झाला तेव्हा सिव्हिलमधे एक सिस्टर तिला नावानं हाक मारायची. विडीवाली म्हणून नाही, नावानं.

वडील गेले तेव्हा मी दहावीला. अठराव्या वर्षी लग्न. नवरा दोन लेकरं झाल्यावर निघून गेला, कुठं ते आजही माहीत नाही. एकोणतिसाव्या वर्षी मी १७ नंबरचा फॉर्म भरला, बारावीला बाहेरून बसायला. पहिल्या वर्षी इंग्रजीच्या पेपरादिवशी धाकट्याला डेंग्यू, सलाइन चालू, पेपर गेला. पुरवणीला बसले, चार मार्कांनी नापास. पुढच्या वर्षी परत. मला सांगा ह्यात मी पहाटे किती वाजता उठायला हवं होतं? मी उठतच होते की हो चारला. चूल कोण पेटवत होतं मग?

तिसऱ्या वेळेला काय वेगळं झालं ते सांगते. आमच्या ओळीतल्या चार बायका, शेजारची अक्का, मावशी, दोघी जावा, त्यांनी आपापसात ठरवलं आणि परीक्षेच्या महिन्यात माझ्या हजारातल्या विड्या त्या वळून द्यायच्या. कुणी दोनशे, कुणी तीनशे. सगळ्या माझ्या कार्डावर जमा व्हायच्या, मजुरी मला. त्यांच्या स्वतःच्या हजार वेगळ्या. एकीनंही कधी "शिकून मोठी हो" असं म्हटलं नाही. अक्का फक्त म्हणायची, "वाच गं, अजून लाइट आहे."

पास झाले. मग एएनएम, नर्सिंगचा कोर्स, दोन वर्षं. आज रात्रपाळी करते, पेशंटला नावानं हाक मारते.

तुम्ही विचारलंत बळ कुठून आलं. माझं असं आलं, दुसऱ्यांच्या बोटातून. एकटीच्या जोरावर झालं असं मी कधीच म्हणणार नाही, तो त्या चौघींचा अपमान होईल.

शेंगा_चटणी

ताई 🙏 अजून काही लिहायचंच नाही मला.

कष्टाला_पर्याय_नाही

ताई, माफ करा. माझे वडील असेच बोलायचे माझ्याशी आणि मी तेच पुढं चालवत आलो. तुटकी_तार, तुमचीही माफी मागतो.

भैय्या_चौक

रोज डॉ. कोटणीस स्मारकावरून जातो म्हणून त्यांचं लिहावंसं वाटलं. १९१० ला सोलापुरात जन्म, १९३८ ला पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. बाकीचे परतले, हे राहिले, भाषा शिकले, युद्धात जखमींवर ऑपरेशनं करत राहिले आणि डिसेंबर १९४२ मधे तिकडंच गेले. वय फक्त ३२. ह्याला नशीब चांगलं म्हणायचं की वाईट? मला कधीच ठरवता येत नाही. पण गाडी सिग्नलला थांबली की मी त्या बाजूला बघतो, आणि काम करताना आपलं किती दिवस उरलेत हे त्यांनी मोजलं नसेल एवढंच मनात येतं.

मिलवाले_आजोबा

नात टाइप करते आहे, मी सांगतो आहे. वय ७६. सोलापुरातल्या एका मिलमध्ये २२ वर्षं विणकर होतो. मिलचं नाव राहू दे.

बाळ, तू स्वतःला तुटकी तार म्हणवतोस. मागावर तार तुटते, रोज तुटते, दिवसाला कितीदा तुटते. तार तुटली की माग थांबवायचा, दोन टोकं शोधायची, गाठ मारायची, परत चालू. त्याला कुणी रडत नाही. तुझं तसं झालेलं नाही. तुझा बीमच, म्हणजे उभ्या तारा गुंडाळलेला रूळच, संपला आहे. वडील पडले तेव्हा एक बीम संपला, माग विकलास तेव्हा दुसरा. हे दुखणं मोठं आहे, गाठ मारून लगेच चालू होत नाही, म्हणून तुला वाटतं की आपल्यात दम नाही.

बीम संपला की काय करतात ते तुला माहीत आहेच, पण इथल्या बाकीच्यांना सांगतो. जुना कापड पूर्ण काढून टाकत नाहीत. जुन्या बीमच्या तारा थोड्या शिल्लक ठेवतात, वहीतून (तारा उचलणाऱ्या फासांतून) आणि फणीतून ओवलेल्या तशाच, आणि नव्या बीमची एकेक तार जुन्या एकेक तारेला गाठ मारून जोडतात. दोन-अडीच हजार तारा. म्हणजे सगळं पहिल्यापासून ओवायला लागत नाही. आणि हे काम विणकर एकटा करत नाही, वहिफणीवाले वेगळे असतात, ते येऊन बसतात, समोरासमोर, कंबर मोडेपर्यंत. विणकर तोवर चहा आणतो, तेल घालतो, वाट बघतो. ती वाट बघणंही कामातच धरायचं.

नव्वदीच्या दशकात मिल बंद झाली. मी ४७ वर्षाचा, दोन मुली लग्नाच्या. दोन वर्षं पुणे नाक्याला पेरू विकले. ओळखीचं कुणी दिसलं की गाडा वळवायचो. मला मनातून मशीन दुरुस्तीचं काम शिकायचं होतं, मिलमध्ये माग दुरुस्त करणाऱ्या जॉबर लोकांकडं बघत राहायचो पण विणकराला कोण हात लावू देतो. तर पेरूच्या गाड्यावर एक २३ वर्षाचा पोरगा यायचा, पॉवरलूमचा फिटर. एक दिवस मीच विचारलं, शिकवशील का? तो म्हणाला काका तुम्हाला कसं शिकवू, मला लाज वाटते. म्हटलं मला वाटत नाही, तू कशाला वाटून घेतोस. वर्षभर त्याच्या हाताखाली पाने उचलले. नंतर २० वर्षं ह्याच धंद्यात काढली. अजून कुणाचा जकार्ड अडला तर फोन येतो.

तुझे जुने शेव, म्हणजे त्या शिल्लक तारांची टोकं, आहेत का, तेवढं बघ. ओले असू दे.

माढ्याची_बाई

आजोबा, हे उद्या सातवीच्या वर्गात वाचून दाखवणार आहे. नातीला पण शाबासकी, एवढं टाइप केलं.

टेरी_टॉवेल

मी अक्कलकोट रोडला टॉवेलच्या युनिटमधे सुपरवायझर आहे. आजोबांनी बीमचं काढलंच आहे तर एक सांगतो. चादरीचं वेगळं, पण आमच्या टेरी टॉवेलला एकाच मागावर दोन बीम असतात, एक खालच्या कापडाचा, तो घट्ट ताणलेला, आणि दुसरा लूपचा, तो सैल सोडलेला. सैल असतो म्हणून तर लूप उठतात, टॉवेल मऊ होतो. दोन्ही घट्ट केले तर नुसतं कापड निघेल, दोन्ही सैल केले तर काहीच निघणार नाही. अभ्यासिकावाले दादा म्हणतात सोडा, वर कुणी म्हणतं पेटून उठा. माझं म्हणणं, नोकरीचा बीम घट्ट राहू दे, पोरगी लहान आहे. डिझाइनचा सैल चालू दे, महिन्याला एक झाली तरी झाली.

आमच्याकडं रविवारी दुपारी एक माग रिकामा असतो. मालकांशी बोललो, सँपल काढायला हरकत नाही म्हणाले, सूत तुमचं. ह्या वेळी लेखी घेऊया, मीच सही करून देतो की डिझाइन तुमची.

निवृत्त_बँकवाला

पैशाचं थोडक्यात. लगेच माग घ्यायच्या भानगडीत पडू नका. आधी जुना हप्ता थकलेला त्याचं काय झालं ते बघा, सिबिल रिपोर्ट (कर्जफेडीची नोंद) काढा, सेटलमेंट राहिली असेल तर मिटवून बँकेकडून पत्र घ्या, नाहीतर पुढं प्रत्येक टेबलावर फाइल अडते. मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारापर्यंत विनातारण मिळतं, सूत आणि सँपलसाठी तेवढं पुरतं. माग घ्यायची वेळ आली तर जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन अनुदानाच्या योजना विचारा. आणि डिझाइनवर तारीख टाकून स्वतःलाच ईमेल करून ठेवत जा, उद्या भांडण झालं तर आधीची तारीख दाखवता येते. डिझाइनची सरकारी नोंदणीही होते, पण त्यासाठी ती बाजारात यायच्या आधी अर्ज करावा लागतो.

तुटकी_तार

तीन आठवड्यांनी येतोय, सगळ्यांचे मेसेज वाचत होतो पण काय लिहावं कळत नव्हतं.

६२ पैकी ४१ डिझाइन नीट वाचता येतात. नऊ अर्धवट आहेत, रंग गेलेत पण शेंगा_चटणी म्हणाले तसं पेन्सिल आहे. बारा गेल्या. त्यात सुगड्यांची होती, ती वडिलांना दाखवलेली शेवटची, त्यानंतर त्यांना नीट दिसेनासं झालं. तिचं वाईट वाटतंच, ते वाटत राहील.

सगळ्यांचे फोटो काढले, तारखा टाकून ईमेल केले. बँकेतून पत्र आणलं. जुन्या कर्जातले अकरा हजार अजून बाकी निघाले, दरमहा हजार भरून मिटवायचं ठरलंय.

मागच्या रविवारी टेरी_टॉवेल दादांच्या युनिटमधे गेलो. आजोबा नातीच्या स्कूटीवर बसून आले. मला वाटलं नुसतं बघायला आलेत, तर त्यांनी चष्मा लावला, शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि तासभर जकार्डजवळ उभं राहून हुकांची दोरी बघत होते. म्हणाले चौथ्या ओळीतले तीन हुक उचलत नाहीत, म्हणून तुझा बुरूज वाकडा येणार. खरंच तसं होतं. दुरुस्त केलं. अभ्यासिकावाले दादापण आलेले, होटगी रोडवरून सायकलवर, न सांगता. त्यांनी सूत मोजलं, वहीत लिहिलं, चहा आणला.

संध्याकाळी पहिला टॉवेल उतरला. भुईकोटाची बॉर्डर, कडेला नंदीध्वजांची रांग, सातही. घरी आणून वडिलांच्या मांडीवर ठेवला. त्यांचा उजवा हात चालत नाही, डाव्या हातानं बॉर्डरवरून बोट फिरवत गेले आणि एका जागी थांबले. "इथं एक तार सुटलीय," म्हणाले. दिसत नाही त्यांना, बोटाला लागली. मी जवळ नेऊन बघितलं, होती.

सूप_आणि_पुस्तक

वाचत वाचत वॉर्डात रडले हो. त्या टॉवेलातला एक माझा. पैसे देऊन घेणार, फुकट नको.

तुटकी_तार

ताई पहिला तुमचाच. येत्या रविवारी दुसरा रंग काढायचाय, सूत दोनच रंगात मिळालंय. टॉवेलची जमीन पांढरीच आहे. बॉर्डर हळदी ठेवू का आमसुली? सगळ्यांनी सांगा.

मिलवाले_आजोबा

आमसुली. हळदी दोन धुण्यात फिका दिसतो. आणि येताना तीन नंबरचा पाना घेऊन ये, माझा सापडत नाही.